घड्याळाखालची खुर्ची आणि तीन पिंपं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्या खुर्चीवर मी चोरून बसलो नव्हतो. खुर्ची रिकामी होती, मी उभा होतो, आणि उभा माणूस रिकाम्या खुर्चीवर बसला, एवढंच घडलं. यात गावाने दोन महिने चघळावं असं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही.

आमच्या आल्टेनडोर्नमध्ये एकच खानावळ. तिच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या घड्याळाखाली एक लांब टेबल, आणि टेबलावर पितळेची उभी पाटी. ही पाटी आहे म्हणजे टेबल राखीव, गावकऱ्यांच्या ठरलेल्या मंडळींचं. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आठ जण तिथे बसतो, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. चुकून दुसऱ्याच्या जागी बसलात तर कोणी काही बोलत नाही. म्हणजे कोणी काहीच बोलत नाही, तुम्ही उठेपर्यंत. माझी जागा स्वयंपाकघराच्या दाराला लागून. मालकीण रेनाटे ताटं घेऊन बाहेर आली की दार माझ्या उजव्या कोपरावर. एकोणीस वर्षं. ताटं चार असली तर चार वेळा, कारण ती एकेक आणते.

घड्याळाखालची खुर्ची होती पांक्राट्सची. पांक्राट्स म्हणजे गावात बिअर करणारा म्हातारा. गेल्या फेब्रुवारीत त्याचे गुडघे गेले, पुढे चालवायला कोणी नव्हतं, तेव्हा भट्टीला कुलूप लावून तो न्युर्नबर्गला मुलीकडे राहायला गेला. पुढच्या शुक्रवारी मी जाऊन त्या खुर्चीवर बसलो. कोपर टेकवलं, घड्याळाची टिकटिक ऐकली, आणि आयुष्यात काहीतरी कमावल्यासारखं वाटलं. कोनराड डोच तेव्हा सॉसेज कापत होता. डोच आमच्या गावचा खाटीक, शिवाय गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख, त्यामुळे त्याला दोन्हीकडून बोलायची सवय. त्याने सुरी खाली ठेवली.

"ती बिअरवाल्याची खुर्ची आहे, ओटमार."

"बिअरवाला न्युर्नबर्गला आहे."

"मग खुर्ची त्याची वाट बघेल. तू बिअरवाला आहेस का?"

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. पण समोर मगात जी बिअर होती ती कुठल्याशा कारखान्यातून ट्रकने आलेली, सोनेरी, पारदर्शक आणि चव नसलेली. पांक्राट्स गेल्यापासून रेनाटे तीच देत होती आणि सगळे तिला "छान आहे" म्हणत होते. आमच्याकडे एखाद्या गोष्टीला छान म्हटलं की समजायचं, माणसाचं मन उडालं. खरं कौतुक असतं ते "चालतंय." माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले "चालतंय", तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तर ती छान बिअर घशात, स्वयंपाकघराचं दार नेमकं माझ्या जुन्या, आता रिकाम्या जागेवर आपटलेलं, आणि डोच माझ्याकडे बघतोय. मी म्हणालो, "होईन की."

अटी लगेच ठरल्या. ऑक्टोबरातल्या जत्रेचा सोमवार. याच पाटीच्या टेबलावर, माझ्या हातची बिअर, प्रत्येकाने एक मग तळापर्यंत प्यायचा. जमलं तर खुर्ची माझी. नाहीतर सगळ्यांदेखत उठायचं आणि परत दाराशी. डोचने हात पुढे केला, मी दाबला, आणि घरी येईपर्यंत मला कळलं की बिअर कशी करतात हे मला ठाऊक नाही.

मी जिल्ह्याच्या मोजणी खात्यात आहे. चौतीस वर्षं लोकांच्या बांधाचे दगड मोजतोय. एकदा मोजून ठरलेला दगड एक बोटभरही सरकू देत नाही, अशी माझी ख्याती आहे, आणि मी ती स्वतःच पसरवलेली नाही. असा माणूस मापाने पाणी तापवून त्यात जव टाकू शकत नाही का? पुस्तक आणलं. पुस्तकात लिहिलं होतं, जुनी स्टीलची बिअरची पिंपं मिळाली तर उत्तम. झाकण कापलं की पातेलं तयार, बाजूला भोक पाडून तोटी लावली की झालं.

पिंपं मला पांक्राट्सनेच दिली. भंगारवाल्याला चाव्या द्यायला तो एका दिवसासाठी आला होता. अंगणात ढीग पडलेला, पन्नास-पन्नास लिटरची पिंपं, प्रत्येकावर ठसठशीत उठवलेलं: 'ही मालमत्ता भट्टीची'. मी म्हटलं, मालकी लिहून दे बाबा, उद्या कोणी विचारलं तर? कागद सापडेना, तेव्हा त्याने खिशातून मगाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती काढली आणि लिहिलं: तीन पिंपं ओटमारला दिली, पांक्राट्स. मी ती पाकिटात घालून ठेवली. माझ्या बायकोने, ट्राउडलने, पिंपं गॅरेजमध्ये उतरताना पाहिली.

"आणि गाडी?"

"गाडीला थोडी हवा लागली तर बिघडत नाही."

"गाडीला नाही बिघडत," असं म्हणून ती आत गेली. ट्राउडलचं बोलणं अर्धं असतं, उरलेलं अर्धं आपण रात्रभर ऐकायचं असतं.

आता राबसाहेबांबद्दल सांगायला हवं. कुंपणापलीकडे राहतात. निवृत्त वाहन तपासनीस. जिल्ह्यातली प्रत्येक गाडी कधी ना कधी त्यांच्यासमोर उभी राहून घाबरलेली आहे. एकतीस वर्षांपूर्वी ते पलीकडच्या खोऱ्यातून आले, म्हणून गावात त्यांना अजून 'नवे शेजारी' म्हणतात. बायको वारली, मूलबाळ नाही. दर शुक्रवारी तेही खानावळीत येतात आणि संडासाच्या बोळाजवळच्या एकट्या माणसाच्या टेबलावर बसतात. आमच्या टेबलावर येऊ नका असं त्यांना कोणी कधी सांगितलेलं नाही. या असंही कोणी सांगितलेलं नाही. आम्ही एकमेकांना अर्थातच तुम्ही म्हणायचो, वयाने मोठ्याने हात पुढे करून पहिलं नाव सांगितल्याशिवाय आमच्याकडे 'तू' होत नाही, आणि त्यांचं पहिलं नाव मला पत्रपेटीवरच्या 'स.' या एका अक्षरापलीकडे माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी पहिलं पिंप आडवं केलं. पुस्तकात ठळक अक्षरांत होतं, कापण्याआधी आतला दाब काढा. मी पेचकसाने झडप दाबली. आत पांक्राट्सची उरलेली बिअर होती, आणि बहुधा तिचा माझ्यावर राग होता. ती माझ्या तोंडावर, छतावर आणि ट्राउडलच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेली. मी तोंड पुसून ग्राइंडर हातात घेतला, बटण दाबलं, आणि कुंपणावर राबसाहेब उगवले. हातात घड्याळ.

"एक वाजून दहा मिनिटं झाली, केर्लिंगसाहेब. तीनपर्यंत शांततेची वेळ."

मी ग्राइंडर खाली ठेवला. एक तास पन्नास मिनिटं मी पिंपाशेजारी बसून राहिलो, वासाने माशा जमल्या, तेही बसून राहिले. तीनच्या ठोक्याला मी सुरू केलं. काय ठिणग्या उडाल्या. दिवाळखोर माणसाने केलेल्या आतषबाजीसारखं सगळं दहा मिनिटांत संपलं, पण झाकण सुटलं. दुसरं पिंपही कापलं. तिसरं तसंच ठेवलं, त्यात बिअर आंबवायची होती.

मंगळवारी सकाळी राबसाहेब दारात. हातात कागद. त्यांच्या रुपेरी गाडीवर, जिच्यावर बावीस वर्षांत चिमणीलाही बसायची हिंमत झाली नव्हती, गंजाचे ठिपके उमटले होते. माझ्या ठिणग्यांचे कण. त्यांनी मोजले होते. दोनशे चौदा, छपराचे वेगळे, दारांचे वेगळे. दोन संध्याकाळी मी ती गाडी मलम लावून घासली आणि ते शेजारी उभं राहून यादीवर खुणा करत होते. घासता घासता त्यांनी विचारलं कशाला कापताय पिंपं, मी सांगितलं. ते गॅरेजमध्ये येऊन बघून गेले आणि म्हणाले, भोक गोल नाही, एका बाजूला चार मिलिमीटर जास्त आहे. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला. मी एकशे नव्वदाव्या ठिपक्यावर इतका जोर दिला की खालचा रंग दिसायला लागला, मग तो ठिपका यादीत पुन्हा चढला.

कायद्याप्रमाणे घरी बिअर करायची तर आधी जकात कचेरीला कळवावं लागतं. मी कायद्याचा माणूस, रजा टाकून गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी किती करणार, कुठे करणार, कशात करणार, सगळं लिहून घेतलं. "पिंपात" म्हटल्यावर त्यांनी लेखणी थांबवली. पिंपांवर सहसा मालकाचं नाव असतं, म्हणाल्या. आहे, म्हणालो. मग ती तुमची कशी? मी पाकिटातून पुठ्ठ्याची चकती काढून खिडकीखालून सरकवली. त्यांनी ती वाचली, उलटली, मागच्या बाजूला मगाचा वाळलेला गोल डाग आणि एका बोकडाचं चित्र होतं, तेही वाचल्यासारखं बघितलं, आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली. बोकडाची कशाला, असं मी विचारलं. कागदपत्र म्हणजे दोन्ही बाजू, म्हणाल्या. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. उत्तर पत्राने येईल, तोवर करायला हरकत नाही, असंही म्हणाल्या.

ऑगस्टातल्या एका शनिवारी मी शेगडी पेटवली. ट्राउडल चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली होती. गॅरेजच्या भिंतीवर मी तक्ता चिकटवला होता: किती अंशाला जव घालायचे, किती वेळ भिजवायचे, गाळलेला काढा दुसऱ्या पिंपात दीड तास उकळताना हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी सुकी फुलं, तीनदा कधी टाकायचे, मग तांब्याच्या नळीतून थंड पाणी सोडून निववायचा कसा, यीस्ट कधी. मिनिटामिनिटाचा तक्ता, लाल शाईत. सकाळ सगळी नीट गेली. काढा उकळायला लागला, पहिले हॉप्स पडले, गॅरेजमधून वाफेचा लोट निघाला, आणि काय तो वास. मला पांक्राट्सच्या भट्टीसमोरून शाळेत जायचो ते दिवस आठवले. अर्धा तास मी लाकडी वल्ह्याने ढवळत उभा होतो आणि मला वाटत होतं की ती खुर्ची आता माझीच.

तेवढ्यात शाळेच्या छपरावरचा भोंगा वाजला.

हे समजून घ्या की मी गावच्या अग्निशमन दलात पंचवीस वर्षं आहे. भोंगा वाजला की हातातलं टाकून पळायचं. दाढी अर्धी असो, जेवण अर्धं असो, एकदा तर आमच्यातला एक जण स्वतःच्या साखरपुड्यातून पळाला होता. काय जळतंय, कुठे जळतंय, हे विचारत बसायचं नाही, ते बंबात कळतं. मी वल्हं टाकलं आणि पळालो. सहाशे मीटर, या वयात, हॉप्सचा वास अंगावर. शिरस्त्राण चढवलं, बूट चढवले, बंबात उडी मारली. डोच पुढच्या सीटवरून पत्ता वाचत होता: लिंडेनवेग रस्ता, घर नंबर सात, गॅरेजमधून पांढरा धूर, मोठ्या प्रमाणात.

बिचारा कोण असेल, असं मला वाटलं. मनात घरं मोजली. नऊ नंबर राबसाहेबांचा. पाच नंबरला ती विधवा शिक्षिका. म्हणजे सात नंबरला... मी वर बघितलं तर बंबातले सगळे माझ्याकडेच बघत होते.

पुढचं नंतर कळलं ते असं. राबसाहेबांनी वाफ पाहिली आणि फोन केला. मग त्यांनी मला गॅरेजमधून जीव घेऊन पळताना पाहिलं. त्यांचा समज झाला की हा माणूस आग टाकून पळतोय. तेव्हा त्यांनी आपलं आग विझवायचं नळकांडं उचललं, त्याची मुदत अर्थातच शिल्लक होती, आणि एकाहत्तराव्या वर्षी कुंपणावरून उडी मारली. आत आग नव्हती. उतू चाललेलं पिंप होतं आणि भिंतीवर लाल शाईतला तक्ता. आता ज्या माणसाने सारं आयुष्य यादीप्रमाणे तपासण्यात घालवलं, त्याच्यासमोर यादी आहे आणि तिच्याप्रमाणे कोणी वागत नाहीये, हे त्याला कसं सहन व्हावं?

आम्ही भोंगा वाजवत दारात आलो, नळी उलगडली, आणि गॅरेजच्या तोंडाशी राबसाहेब उभे. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात माझं वल्हं.

"आग नाही," ते म्हणाले. "दुसरे हॉप्स आठ मिनिटांपूर्वी टाकले. तिसऱ्यांना सतरा मिनिटं आहेत. पाणी आत मारू नका, पातळ होईल."

डोच नळी धरून थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं हे करायला?"

"मी," मी मागून म्हणालो. "मी जाताना सांगून गेलो होतो, लक्ष ठेवा म्हणून."

राबसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. या माणसाने भर प्रार्थनेत पाद्र्याने चुकीचा सांगितलेला भजनाचा क्रमांक दुरुस्त केलेला आहे. एकतीस वर्षांत त्याच्यासमोरून एक चूक सुटलेली नाही. त्यांनी मान खाली घातली, घड्याळ बघितलं.

"सोळा मिनिटं," म्हणाले, आणि आत गेले.

मला वाटलं, आपण जाऊन वल्हं परत घ्यावं. पण दलाचा चिटणीस मीच. प्रत्येक फेरीचा अहवाल जागेवर लिहायचा, नियम आहे. तासभर मी बंबाच्या पायरीवर बसून माझ्याच गॅरेजचा अहवाल लिहिला. 'घरमालक जागेवर नव्हता. कारण:' इथे मी लिहिलं, अग्निशमन सेवेत. डोचने ते खोडून निष्काळजीपणा असं लिहायला लावलं. खाली चिटणीस म्हणून एक सही, घरमालक म्हणून दुसरी. तेवढ्यात ट्राउडल तालमीहून केक घेऊन आली, बंब पाहिला, मला शिरस्त्राणात पाहिलं, आणि केक सगळ्या दलाला वाटून टाकला. मला सोडून. अहवाल संपवून आत गेलो तोवर राबसाहेबांनी काढा निववून तिसऱ्या पिंपात भरला होता, यीस्ट टाकलं होतं, आणि जमीनही पुसली होती. माझ्या तक्त्यावर त्यांनी प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने खूण केली होती आणि एका ठिकाणी माझा आकडा बदलला होता.

पिंप आमच्या तळघरात उतरवलं, आणि त्यानंतर सात आठवडे रोज संध्याकाळी सहाला राबसाहेब तिथे हजर. माझ्यावर विश्वास नाही असं त्यांनी कधी म्हटलं नाही, नुसतं वहीत लिहीत गेले. या पिंपाची तपासणीची मुदत संपलेली आहे. दाब जास्त आहे. हा कोपरा गरम आहे, तो थंड आहे. पिंप त्यांनी हलवलं, दाब त्यांनी काढला, चव त्यांनी घेतली, थुंकून पुन्हा घेतली. मी बॅटरी धरायचो. एकदा विचारलं, कशी आहे? म्हणाले, अजून नाही. ट्राउडल एकदा जिन्यावरून बघून गेली आणि जेवताना म्हणाली, "बॅटरी छान धरतोस." मी भाजी वाढून घेतली.

जत्रेच्या आधीच्या गुरुवारी जकात कचेरीचं पत्र आलं. घरगुती बिअर नोंदली गेली आहे. ती आपण घरी प्यावी, पाहुण्यांना घरी पाजावी. खानावळीत देऊ नये. तीन ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की कागद मऊ पडला. शुक्रवारी डोचला ते सांगावंच लागलं, खोटं एकदा बोलून झालं होतं आणि पुरे झालं होतं. त्याने पत्र सगळ्या टेबलाला मोठ्याने वाचून दाखवलं.

"या पाटीच्या टेबलावर, असं ठरलं होतं, ओटमार. इथे आणता येत नाही म्हणजे आलीच नाही. ऊठ."

"जत्रेचा सोमवार अजून यायचाय. मी बसणार."

"बसून काय होणार?"

"बसल्यावर कळेल."

कोणी बोलेना. आठवतंय ना, आमच्याकडे कसं असतं ते. सगळं टेबल गप्प झालं आणि सात जण माझ्या उठण्याची वाट बघायला लागले. माझे कान लाल झाले होते, पण मी खुर्चीची पाठ घट्ट धरून बसलो. उठवायचं तर घड्याळासकट उठवा, असं माझ्या मनात होतं. तेव्हा बोळाकडून कोणीतरी खाकरलं. राबसाहेब आपल्या एकट्या टेबलापाशी उभे राहिले होते.

"कलम चार," ते म्हणाले. "टेबल म्हणजे जिथे पितळी पाटी उभी असेल ते. सभासदास पाटी हलवता येते, रात्री दहाच्या आत परत आणण्याच्या बोलीवर."

कुठलं कलम, कसलं कलम? संडासाच्या बोळात भिंतीवर काचेत लावलेला एक पिवळा कागद आहे, आमच्यापैकी प्रत्येक जण शुक्रवारी त्याच्यासमोरून तीन-चारदा जातो. आठ माणसं उठून बोळात जाऊन उभी राहिली आणि चष्मे लावून वाचू लागली. पूर आला होता त्या वर्षी आमच्या बापजाद्यांनी केलेले नियम, खाली त्यांच्या सह्या. डोचच्या बापाची सही सगळ्यांत मोठी. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. राबसाहेबांना पाठ होतं, कारण एकतीस वर्षं दर शुक्रवारी त्यांच्या डोळ्यांसमोर बघायला तेवढंच होतं. हे मला तिथे उभ्याउभ्या लक्षात आलं आणि कसंतरीच झालं.

सोमवारी मी जत्रेचं जाकीट घातलं, खानावळीत गेलो, पितळी पाटी काखेत मारली आणि घड्याळाखालची खुर्ची डोक्यावर घेतली. हो, खुर्चीसुद्धा. मोठ्या रस्त्यावरून, मिरवणुकीच्या मधून. बॅंडवाले वाजवायचे थांबले. मी थांबलो नाही. गॅरेजमध्ये सुतारकामाच्या टेबलावर ट्राउडलने पांढरी चादर घातली होती, बिअरने आंघोळ झालेल्या त्याच चादरींपैकी. मध्ये पाटी ठेवली, टेबलाच्या टोकाशी खुर्ची, खुर्चीवर मी. सात जण आपापली तोंडं वाकडी करून आले आणि बसले. मी तिसऱ्या पिंपाची तोटी सोडली.

बिअर गडद आली, तपकिरी, वर फेस जाड. डोचने मग उचलला, वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग पीत गेला, पीत गेला, आणि रिकामा मग चादरीवर ठेवला.

"चालतंय," म्हणाला.

टेबलावरून एक उसासा गेला. कोणीतरी नाक शिंकरलं. डोचने दुसरा मग भरायला पुढे केला आणि म्हणाला, "बस बाबा. खुर्ची तुझी. बिअरवाला झालास."

मी बसलेलोच होतो. पाठ टेकली होती. आणि समोर कुंपणापलीकडे राबसाहेब उभे होते, हातात स्वतःचा मग, रिकामा. त्यांना बोलवायला मी विसरलो होतो. खरं सांगतो, विसरलो नव्हतो. बोलावलं असतं तर कोणीतरी त्यांना काही विचारलं असतं. ते माझ्याकडे बघत होते, सगळं ऐकू येत होतं त्यांना, आणि ते गप्प होते. पाद्र्याला न सोडणारा माणूस मला सोडत होता. याच्यापेक्षा दोनशे पंधरावा ठिपका दाखवला असता तर बरं झालं असतं.

चौतीस वर्षांत मी एक दगड चुकीच्या जागी राहू दिलेला नाही. उठलो.

"ही बिअर माझी नाही," मी म्हणालो. "शेगडी मी पेटवली. मी कोणालाही काही सांगून गेलो नव्हतो, भोंगा ऐकला आणि गाढवासारखा पळालो. हॉप्स राबसाहेबांनी टाकले, निववली त्यांनी, सात आठवडे सांभाळली त्यांनी. मी बॅटरी धरत होतो."

डोचने मगातला फेस पुसला. "मग खुर्ची गेली तुझी."

"गेली. मीच सोडली, तू उठवलं नाहीस. ही बिअरवाल्याची खुर्ची आहे ना? तुझंच म्हणणं. राबसाहेब, या."

राबसाहेब हलले नाहीत. मी सभासद नाही, म्हणाले. त्याला मतदान लागतं.

"काय लिहिलंय त्यात?" डोचने विचारलं. "तुम्हालाच पाठ आहे."

राबसाहेबांचे ओठ हलले. खोटं बोलता येत नाही त्या माणसाला. "कलम सात," ते हळूच म्हणाले. "बिअरवाल्याच्या खुर्चीस मतदान लागत नाही."

या वेळी ते कुंपणावरून आले नाहीत, फाटकातून वळसा घालून आले. खुर्चीपाशी येऊन त्यांनी ती आधी हलवून बघितली, डावा मागचा पाय सैल आहे म्हणाले, आणि मग बसले. त्यांचा मग मी भरला. त्यांनी घोट घेतला, टेबलाकडे बघितलं. मग माझ्याकडे हात पुढे केला.

"सीगबर्ट," म्हणाले.

"ओटमार," मी म्हणालो.

राहता राहिलो मी. सगळे बसलेले, मी माझ्याच गॅरेजमध्ये उभा. साडेनऊला पिंप रिकामं झालं, तेव्हा मी ते सरळ उभं करून टेबलाशी ओढलं आणि वर बसलो. कुठेही कापलेलं नाही, स्टीलचं, गार, पण भक्कम.

आणि पुढच्या शुक्रवारी ते पिंप घेऊन मी खानावळीत गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी, माझ्या जुन्या जागी, लाकडी खुर्ची बाजूला सारून ते मांडलं. डोच म्हणाला, ही खुर्ची नाही, हे इथे चालणार नाही, आणि वर पिंपावर तर भट्टीची मालमत्ता असं लिहिलंय. मी पाकिटातून पुठ्ठ्याची चकती काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"हे पिंप माझं आहे, याचा कागद आहे. दोन्ही बाजूंची झेरॉक्स सरकारदरबारी आहे, बोकडासकट. तुझ्या खुर्चीचा कागद दाखव, मग बोलू."

डोच आपल्या खुर्चीकडे बघत राहिला. तेवढ्यात रेनाटे ताट घेऊन बाहेर आली आणि दार जोरात उघडलं. ते पिंपाच्या पोटावर आपटलं, ठण्ण आवाज झाला, आणि तिथेच अडलं. माझ्या कोपराला काहीसुद्धा झालं नाही.